प्रश्न शेवटी, हात वर करून

चिरंजीव बंधुराजांस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे, म्हणजे शरीराने. मनाची खुशाली पुढे वाचशील तशी कळेल. तुझा गुडघा कसा आहे? दिवसभर दवाखान्यात लोकांच्या जबड्यांवर वाकून उभा राहतोस, गुडघ्याने तरी काय करावं? (बसूनही दात काढता येतात. मी पाहिलेलं आहे.) वहिनीचा खोकला थांबला असेल तर तो औषधाने नव्हे, मी सांगितलेल्या वाफेने थांबला असं तिला सांग. थांबला नसेल तर तिने वाफ नीट घेतली नाही. हे पत्र जेवण झाल्यावर, खुर्चीत बसून वाच. फोनवर सांगत नाही, कारण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि मला शेवटी फक्त तुमचा टीव्ही ऐकू येतो.

तू मला इथे का पाठवलंस ते आठव. तुझ्या लेकीची नोकरी कायम होते की नाही ते याच महिन्यात ठरणार, पोर एकटी आहे, जेवत नाही, घरचं कोणीतरी जवळ हवं. ताई, तूच जा, तुला सगळं सांभाळता येतं. असंच म्हणाला होतास ना? सांभाळलं. इतकं सांभाळलं, की होऊ घातलेली नोकरी आता जायच्या वाटेला लागली आहे, आणि तिला त्या वाटेला मी लावलं आहे. (पाणी पी. मग पुढे वाच.) आयुष्यात मी पुष्कळ धक्के दिले, पण खाल्ले फार थोडे. या पंधरवड्यात मागची सगळी बाकी वसूल झाली.

पहिला धक्का खोलीचा. आपली टिटवी (दारावर तिचं भलंथोरलं नाव आहे, पण लहानपणी दिवसभर टिवटिव करायची म्हणून मी ठेवलेलं नाव मी बदलणार नाही) अणुकेंद्राच्या भौतिकशास्त्रात प्राध्यापक आहे, असं मी आमच्या इमारतीत इतकी वर्षं सांगत आले, की खालच्या मजल्यावरच्या बाई नातवाला माझ्याजवळ फिरकू देत नाहीत. किरण लागतील म्हणे. मीही येताना जुनेच कपडे आणले होते, परतताना इथेच टाकून द्यायचे म्हणून. मला वाटलं होतं, जाडजूड भिंती असतील, कुंपण असेल, बंदूकवाला पहारेकरी असेल, आत काहीतरी गुणगुणत असेल. प्रत्यक्षात एक टेबल, दोन खुर्च्या (एकीचा हात मोडका), एक फळा, एक किटली, आणि खिडकीत एक कुंडी. कुंडीतलं झाड केव्हाच मेलेलं आहे, पण टिटवीला अजून ते कळलेलं नाही. मी विचारलं, "यंत्र कुठाय गं?" तर म्हणते, "आत्या, मी थिअरीवाली. यंत्रं तळघरात. ती दुसऱ्यांची." मग तू करतेस काय? "विचार करते." आणि? "आणि मग तो चुकतो." हे तिने असं सांगितलं, जसं तू सांगावंस की मी दाढा भरतो. तळघरातलं यंत्र तिने मला काचेतून दाखवलं. तिथला यंत्रावरचा माणूस तिला पाहताच हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही लांबूनच बऱ्या. येता, एक काहीतरी विचारता, आणि आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सगळं मोजायला लागतं." हिच्या शिक्षणापायी तू घर गहाण टाकायला निघाला होतास, आणि हिला यंत्राजवळसुद्धा उभं करत नाहीत!

दुसरा धक्का कामाचा. तिचं सगळं काम एकाच अणुकेंद्रावर आहे. हे मला ज्या दिवशी नीट समजलं त्या दिवशी माझा चहा कपातच थंड झाला. तुला समजेल अशा भाषेत सांगते. लिथियम तुला ठाऊक असेल, फोनच्या बॅटरीत असतं. त्याच्या अणूच्या केंद्रात, म्हणजे गाभ्यात, न्यूट्रॉन नावाचे कण नको इतके कोंबले, की तिचं हे केंद्र तयार होतं. मधला गठ्ठा गुण्यागोविंदाने नांदतो, पण दोन न्यूट्रॉन असतात ते लांब बाहेर घोटाळत राहतात, ना घरचे ना दारचे. आणि चमत्कार असा, की मधला गठ्ठा आणि बाहेरचे हे दोघे, अशा तिघांतून कुठलाही एक काढला, तर उरलेले दोन एकमेकांना धरून राहत नाहीत. तिघे आहेत तोवर संसार, दोघांचं मात्र क्षणभर जमत नाही. (आपण तिघं एकदा सुट्टीला गेलो होतो, मी दोन दिवस आधी परतले आणि त्याच संध्याकाळी तुझं नि वहिनीचं वाजलं, तसंच हे. मी टिटवीला हे उदाहरण दिलं. ती म्हणाली, चालेल.) आणि हा सगळा संसार टिकतो किती? पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही आत आटोपतो. जे दुकानात मिळत नाही, डोळ्यांना दिसत नाही, बरणीत ठेवता येत नाही आणि पाहू म्हणेपर्यंत उरत नाही, त्याच्यावर आपल्या घरातल्या एका धडधाकट मुलीने एक तप घालवलं आहे. मी विचारलं, अगं, एवढ्या वेळात त्याचं करायचं काय? तर म्हणते, तेच तर मोजतेय.

तिसरा धक्का या नोकरीच्या रीतीचा, आणि तो अजून उतरलेला नाही. शिक्षण संपल्यावर ती देशोदेशी दोन-दोन वर्षांच्या बोलीवर फिरली, हे तुला ठाऊक आहे. पण ती कशी फिरली हे तुला ठाऊक नाही. तिच्या घरात एक खोकं आहे, ते न उघडता तीन देश फिरून आलेलं आहे. मी उघडलं. आत हिवाळी बूट निघाले, दोन्ही डाव्या पायाचे. मग ही नोकरी लागली, म्हणजे पारखायला घेतलं. आता पारख संपली. मला वाटलं, कायम केलं तर उत्तम, नाही केलं तर आहे तशीच राहील. आमच्या शाळेत कितीतरी शिक्षक जन्मभर आहेत तसेच राहिले आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. छे! इथे कायम केलं नाही तर राहायचंच नाही. किटली, कुंडी घ्यायची आणि चालायला लागायचं. आणि जायचं कुठे? अशा जागा साऱ्या जगात वर्षाला हाताच्या बोटांवर निघतात, त्याही एखादा म्हातारा खुर्चीतून उठला तर. टिटवीला मी विचारलं, नाहीच झालं तर गं? ती म्हणाली, "तर मग एखाद्या बँकेत जाईन, आत्या. धोक्याचं गणित करायला अशी माणसं लागतात त्यांना." हसून म्हणाली. आणि धुऊन पालथा घातलेला कप उचलून तिने पुन्हा धुतला. मला काय कळायचं ते कळलं.

निकाल कसा लावतात, तेही ऐक. जगाच्या कानाकोपऱ्यातल्या, हिने ज्यांचं तोंड पाहिलेलं नाही अशा माणसांकडून गुपचूप मतं मागवतात. ती आलेली आहेत. काय आहेत ते हिला सांगत नाहीत. मग हिने सगळ्या विभागासमोर व्याख्यान द्यायचं. ते ऐकायला परगावाहून एक तज्ज्ञ बोलावतात, आणि त्याचा शब्द सगळ्यात जड. म्हणजे पोरीचं पुढचं सगळं आयुष्य एका तासाच्या व्याख्यानावर टांगलेलं. मुलगी बघायला येणाऱ्यांनाही एवढे अधिकार नसत.

आता चौथा धक्का. यांच्याकडे दर आठवड्याला सेमिनार असतो. टिटवीच्या व्याख्यानाच्या आधीच्या आठवड्यात मी मुद्दाम गेले, कारण खोली तीच होती आणि मागच्या बाकापर्यंत आवाज पोचतो का ते पाहून ठेवायचं होतं. (पंखा कुरकुरत होता. मी कार्यालयात सांगून तेल घालून घेतलं. माझं हे एक काम मात्र सर्वांच्या उपयोगी पडलं.) त्या दिवशी एक पाहुणा तरुण बोलणार होता. बिचारा नवा शर्ट घालून आला होता, घडीच्या रेघा दिसत होत्या. "आपण असं गृहीत धरू," एवढं तो म्हणतो न म्हणतो तोच पहिल्या रांगेतून आवाज आला, "का धरू?" मला वाटलं, कोणी वेडा आत शिरला. पण ते या विभागातले सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक! जगभर नाव आहे म्हणे. मी त्यांना संत्रेवाले म्हणते, कारण ते व्याख्यानाला दोन संत्री घेऊन येतात, मांडीवर रुमाल पसरतात आणि सोलत बसतात. फोड तोंडात असेपर्यंत वक्ता सुरक्षित. फोड गिळली की प्रश्न. त्यांच्यामागून दुसऱ्याने "हे साफ चूक आहे" असं त्या पोराच्या तोंडावर सांगितलं. एक चष्मेवाली उठली, तिने पाहुण्याच्या हातातला खडू काढून घेतला आणि त्याच्याच फळ्यावरच्या त्याच्याच समीकरणावर काट मारली! पोराचे कान लाल झाले. तास संपेपर्यंत त्याचं दुसरं पान उलटलं नाही. आणि आपली टिटवी? पाहुण्याला पाणी द्यायचं सोडून तीही मागून ओरडत होती. माझ्यासमोर हाताची घडी घालून पाढे म्हटलेली पोर! उभा जन्म मी शाळा चालवली; पावसात चौथीच्या वर्गाच्या छताला गळती लागली तरी मुलं हात वर करून सांगायची. इथे केस पिकलेली माणसं एकमेकांचं वाक्य दाताखाली धरून तोडत होती. घरी परतताना मी टिटवीला एक अक्षर बोलले नाही. (इथेच चुकले. बोलले असते तर तिने सांगितलं असतं, आणि हे पत्र एका कार्डावर मावलं असतं.) मी मनात एवढंच ठरवलं, की आपल्या मुलीचं हे असं होऊ द्यायचं नाही.

पुढचे दिवस ती सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून फ्रिजला व्याख्यान देत असे. फ्रिज शांतपणे ऐके. मला वाटे, श्रोता असावा तर असा.

व्याख्यानाच्या दिवशी ती तोंड धुवायला गेली तेवढ्यात मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "मी हिची आत्या. आज मध्ये बोलायचं नाही. प्रश्न शेवटी, हात वर करून, एकेकाने." एकदोघे हसले. मी हसले नाही, मग तेही थांबले. (माणूस कितीही शिकला तरी मुख्याध्यापिकेपुढे तो दहा वर्षांचाच असतो.) चष्मेवालीला मी दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितले. तिने ठेवले, पण विचारलं, "का पण?" तेव्हा मी जे उत्तर दिलं ते लिहिताना आता पेन अडतंय. मी म्हणाले, "तिची प्रकृती जरा नाजूक आहे." खोटं नव्हतं, सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं. पण त्यांनी काय समजून घेतलं देव जाणे. चेहरे खर्रकन उतरले आणि बातमी रांगेरांगेतून मागच्या बाकापर्यंत गेली. परगावचे तज्ज्ञ आले, त्यांनाही मी तेच सांगून बसवलं. शेवटी संत्रेवाले आले. मी हात पुढे केला. "बाई बोलत असताना खायचं नाही." आणि त्यांनी दिली रे! दोन्ही संत्री दिली. मी ती पर्समध्ये टाकली आणि मागे जाऊन बसले.

टिटवी आत आली. तिने सुरुवात केली, "आपण असं गृहीत धरू," म्हणाली आणि थांबली. कोणी काही बोललं नाही. तिने संत्रेवाल्यांकडे पाहिलं. संत्रेवाल्यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. ती पुढे गेली. पुन्हा एका जागी थांबली, जरा मुद्दामच, जशी आपण जिन्यात कोणासाठी थांबतो तशी. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. (पंख्याचाही आवाज नाही. मीच तेल घातलेलं.) तिने एक विनोद केला, कोणी हसलं नाही, नाजूक माणसाच्या विनोदाला हसावं कसं? मग ती घाईघाईने बोलू लागली, आवाज बारीक होत गेला, आणि तासाचं व्याख्यान अर्ध्यातच संपलं, कारण उरलेला अर्धा तास यांच्यात भांडणासाठी राखलेला असतो हे मला कोणी सांगितलं होतं? विभागप्रमुखबाईंनी विचारलं, "प्रश्न?" सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून परवानगी दिली. एकही हात वर झाला नाही. टाळ्या वाजल्या, पण आजाऱ्याच्या उशाशी वाजवाव्यात तशा. तुला खरं सांगते, मला वाटलं आपली मुलगी जिंकली. एवढी शिस्त मी माझ्या निरोप समारंभातही पाहिली नव्हती.

तिच्या खोलीत गेले तर ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता बसली होती. म्हणाली, "संपलं, आत्या." मी म्हणाले, "वेळेआधी संपलं. आणि काय शांतता होती गं!" तर म्हणाली, "कोणी काही विचारलं नाही." मी म्हणाले, म्हणजे सगळ्यांना समजलं. तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी आयुष्यभर दुसऱ्यांकडे पाहत आले. "आत्या, आमच्यात न विचारणं म्हणजे हे भांडायच्याही लायकीचं नाही. ज्याला काढायचं ठरलेलं असतं, त्याच्याशीच ते इतकं चांगलं वागतात."

पायाखालची जमीन सरकली असं लिहिणार होते, पण मी मोडक्या हाताच्या खुर्चीत बसले होते. सरकली ती खुर्ची. त्या नव्या शर्टवाल्या पोराचे जे हाल मी पाहिले, तो त्याचा सत्कार होता म्हणे! सेमिनारनंतर सगळे त्याला जेवायला घेऊन गेले, आणि तो तीन महिने तेच आठवून खूश राहील. आणि मी तुझ्या मुलीच्या व्याख्यानाला जी शांतता आणली होती, ती मयताची होती. मी तिला तिथल्या तिथे सगळं सांगितलं. दार, हात मांडीवर, नाजूक प्रकृती. ती ओरडेल म्हणून मी तयार होते. तिने फक्त विचारलं, "संत्रीपण?" मी म्हणाले, "संत्रीपण." तिने डोकं टेबलावर टेकलं. खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. (माझी! हिंमत!)

मी पर्स उचलली आणि तडक संत्रेवाल्यांची खोली गाठली. दार वाजवलं नाही. ते उभेच होते, खिडकीपासून कपाटापर्यंत फेऱ्या मारत. मला पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "कशी आहे आता?" ठणठणीत, मी म्हणाले. "मग?" मग काय, मीच मूर्ख आहे, ही घ्या तुमची संत्री आणि चला. त्यांचा चेहरा पाहायला हवा होतास. म्हणाले, "म्हणजे विचारू?" विचारा. "मध्येच?" मध्येच विचारा, सुरुवातीलाच विचारा, तुम्हाला पाहिजे तिथे विचारा! ज्याचं नाव पुस्तकांत छापलेलं आहे तो माणूस शाळेची घंटा वाजल्यासारखा बाहेर पळाला. वऱ्हांड्यातून धावताना मोठ्याने म्हणत होता, "तिसऱ्याच वाक्याला अडकलोय मी, तिसऱ्याच!" त्याबरोबर दारं उघडायला लागली. चष्मेवाली खडू घेऊनच निघाली. त्या एवढ्याशा खोलीत सगळा विभाग घुसला, आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

पुढे काय झालं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि त्यांच्याकडे होते ते मी लिहिणार नाही. "अशक्य!" "बालिश!" "हे तर पहिल्या वर्षाचा पोरही म्हणणार नाही!" फळा भरला, पुसला, भरला. कुंडी पडली, कोणी पाहिलं नाही. आणि आपली टिटवी, जी दुकानात चुकीचं सामान मिळालं तर परत करायला लाजते, ती त्या जगप्रसिद्ध म्हाताऱ्याकडे बोट करून ओरडली, "सर, तुम्ही ऐकतच नाही आहात! वाक्य तरी पूर्ण करू द्या!" मी डोळे मिटले. म्हटलं, आता छत कोसळणार. तर ते म्हणाले, "बरं, करा पूर्ण." आणि तिने केलं. असा तिचा चेहरा मी एकदाच पाहिला होता, सायकलला मागून धरलेला तुझा हात सुटला आणि ती आपली आपण पुढे गेली तेव्हा. जाताना संत्रेवाले म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही." मी मनातल्या मनात किटली बांधायला घेतली. दार लागताच पोर नाचायला लागली. "आत्या, अजून म्हणाले! अजून!"

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण ज्याचा शब्द जड तो परगावचा तज्ज्ञ या गोंधळाआधीच गाडीला निघून गेला होता, आणि जाता जाता त्याने विभागप्रमुखबाईंना आपलं मत कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खोलीत बोलावलं. अशा टेबलाच्या या बाजूला मी आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिले. बसा म्हणाल्या नाहीत. त्यांनी मत वाचून दाखवलं: व्याख्यान सुस्पष्ट, मात्र उपस्थितांना त्यात विचारण्याजोगं काही आढळलं नाही. "यावर आता मी काय लिहू?" त्या म्हणाल्या. "दारात आत्या उभी होती, असं लिहू?" मी म्हणाले, लिहा. त्यांनी मताचा कागद पालथा ठेवला. मग त्या तज्ज्ञाला फोन लावला आणि माझ्यासमोरच सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज आला. तो मी सहन केला. तर आता व्याख्यान पुन्हा, पुढच्या गुरुवारी दुपारी. तो पुन्हा यायला तयार आहे, एका अटीवर: दारावरच्या बाई इमारतीत असता कामा नयेत.

तर अशी कथा आहे. आता माझं मत ऐक. ज्या धंद्यात खोलीत यंत्र नाही, हातात माल नाही, वर्षानुवर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळायचं ते पापणी लवायच्या आत नाहीसं होतं, भांडण हा मान आहे आणि टाळ्या हा अपमान, त्या धंद्यात आपली मुलगी राहावी असं मला वाटत नाही. कायम करोत की न करोत. तिला या धंद्यातून काढ. तुझ्या दवाखान्यात बसव. निदान दात तरी दिसतो. तू तिचा बाप आहेस, तुझं ती ऐकेल.

वहिनीस आशीर्वाद. गुडघ्याला शेक.

तुझी, सध्या इमारतीबाहेर ठेवलेली,
ताई

ता. क. वरची पानं मी टिटवीला दाखवली, फक्त ते केंद्राचं बरोबर लिहिलंय का पाहायला. तुला समासात जे पेन्सिलीने लिहिलेलं दिसतंय ते तिचं. माझ्या पत्राच्या समासात आजवर कोणी लिहिलं नव्हतं. 'बाहेर घोटाळतात' याला तिची हरकत आहे (ते एका जागी असतातच असं नाही म्हणे, मग मी कुठे लिहू त्यांना?). 'मयताची शांतता' याच्यापुढे तिने 'अतिशयोक्ती' लिहिलं आहे. आणि 'तिला या धंद्यातून काढ' याच्यासमोर एकच अक्षर: 'का?' मी सकाळपासून त्याचं उत्तर शोधते आहे, ते सापडत नाही. तेव्हा ते वाक्य तू वाचलं नाहीस असं धर. खोडत नाही, कारण मला खाडाखोड आवडत नाही.

ता. क. २. हे पान तिला दाखवलेलं नाही. आज सकाळी ती तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर आली (तू पाहायला हवं होतंस) आणि म्हणाली, "आत्या, त्यांचे सगळे प्रश्न संपलेत!" मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि पुन्हा खुर्ची शोधावी लागली. अरे, त्या दिवशी खोलीत सगळ्यांनी सगळं विचारून घेतलं. तिने उत्तरं दिली. एकच प्रश्न दोनदा विचारणं यांच्यात कमीपणाचं. म्हणजे गुरुवारी तो तज्ज्ञ येणार, आणि पुन्हा सगळे गप्प बसणार! मला आत जाता येत नाही. म्हणून तू ये. बुधवारची गाडी धर. दवाखाना दोन दिवस बंद राहिल्याने कोणाचे दात पळून जात नाहीत. या शास्त्रातलं तुला काहीही कळत नाही आणि ते तुझ्या चेहऱ्यावर दिसतं. आजवर त्याची मला लाज वाटायची, आता तेच कामाचं आहे. प्रश्न मी तयार ठेवला आहे: "ते दोघे बाहेर का राहतात? आत का येत नाहीत?" एवढंच. स्वतःचं काही जोडू नकोस. मी परवा तिला हे सहज विचारलं, तर भाजी करपेपर्यंत ती बोलत होती, आणि शेवटी म्हणाली की पूर्ण उत्तर अजून तिच्याकडेही नाही. तू विचारलंस की कोणीतरी म्हणेल हा प्रश्नच चुकीचा आहे, त्याला चूक ठरवायला दुसरा उठेल, आणि मग गाडी आपोआप चालेल. तुला मूर्ख म्हणतील. म्हणू दे. हात वर करू नकोस. शेवटाची वाट पाहू नकोस. तिचं वाक्य अर्धं असेल तिथेच तोड. पोरीसाठी एवढं कर.

ता. क. ३. उत्तर लगेच पाठव. पण "पत्र पोचलं, सगळं समजलं, येतो" असं एका ओळीत पाठवू नकोस. एवढं लांब पत्र वाचून तुला एकही हरकत सुचली नाही, तर त्याचा अर्थ मी काय घेईन हे तुला आता ठाऊक आहे.